नडगी आणि मांडीच्या हाडाचा एक्स-रे : या चुका टाळा

नडगीच्या एक्स-रेत गुडघा आणि घोटा हे दोन्ही सांधे आले पाहिजेत, हे प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. तरीही गुडघ्याच्या खालीच संपलेल्या फिल्म वारंवार पाहाव्या लागतात. ‘दुखते तेवढेच काढले’ हे उत्तर मला मान्य नाही. घोटा मुरगळलेला एक तरुण बाहेरून केवळ घोट्याची फिल्म घेऊन आमच्याकडे आला होता. तिच्यात हाड कुठेही मोडलेले नव्हते, मात्र घोट्याच्या आतल्या बाजूची फट रुंदावलेली होती. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला बोटाने दाबताच तो कळवळला; संपूर्ण नडगीची फिल्म काढल्यावर फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) मानेपाशी तिरके फ्रॅक्चर स्पष्ट दिसले. पाऊल बाहेर पिळले गेले की आतला अस्थिबंध तुटतो, जोर दोन हाडांमधल्या पडद्यातून वर चढतो आणि फिब्युला गुडघ्याजवळ मोडते. यालाच मेझोनव्ह फ्रॅक्चर म्हणतात. तोवर तो तरुण क्रेप बँडेज बांधून त्याच पायावर चालत होता.

उंच रुग्णाचा पाय ३५ × ४३ सेंमी कॅसेटवर (फिल्म ठेवायच्या सपाट पेटीवर) सरळ मावत नसेल, तर मी तो तिरका ठेवतो, कारण कर्ण सुमारे ५५ सेंमी भरतो. किरण पसरत जात असल्याने दोन्ही सांध्यांच्या पलीकडे तीन-चार सेंमी जागा सोडावी. तरीही मावत नसेल तर दुसरी फिल्म काढावी. फिल्म वाचवण्यात काहीही शहाणपण नाही.

नवशिके एपी (समोरून काढायची फिल्म) घेताना फक्त पाऊल सरळ करतात आणि गुडघा फिरलेलाच राहतो. मी फीमरचे (मांडीच्या हाडाचे) दोन्ही कॉन्डाइल, म्हणजे गुडघ्याजवळचे उंचवटे, बोटांनी चाचपून ते कॅसेटला समांतर असल्याची खात्री करतो, आणि मगच एक्स्पोजर देतो (किरण सोडतो). लॅटरलमध्ये (बाजूने काढायच्या फिल्ममध्ये) पटेला (गुडघ्याची वाटी) कॅसेटला काटकोनात हवी.

मांडीच्या वरच्या भागाच्या एपीसाठी पाय १५ ते २० अंश आत वळवावा लागतो, नाहीतर फीमरची मान आखूड दिसते. परंतु फ्रॅक्चरची शंका असल्यास पायाला हात लावू नये. अशा रुग्णाला लॅटरलसाठी कुशीवर वळवणे ही केवळ घाई आहे. ट्यूब आडवी करून, कॅसेट उभी धरून तोच व्ह्यू मिळतो.

ट्यूबची कॅथोड बाजू (जिकडे किरण जास्त तीव्र असतात) नितंबाकडे असावी, कारण जाडी तिथे जास्त असते. डावा-उजवा मार्कर एक्स्पोजरपूर्वीच लावावा. नडगीच्या मागच्या कडेला वरून खाली तिरकी उतरणारी रेघ ही बहुधा पोषक रक्तवाहिनीची वाट असते. तिला फ्रॅक्चर म्हणण्याआधी दुसरा व्ह्यू पाहावा.