प्रॉडक्शन रिपोर्टमधल्या या चुका टाळा: छोट्या मशीन शॉपमध्ये कामाचा हिशोब कसा ठेवायचा

भोसरी, शिरोली, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत पाच-सहा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनच्या शॉपमध्ये जा. शिफ्ट इन्चार्जच्या टेबलावर एक जाड रजिस्टर हमखास सापडतं. तारीख, मशीन नंबर, ऑपरेटरचं नाव, नग. एवढंच. महिनाअखेरीला त्याची बेरीज होते आणि त्या बेरजेवरून कोण कामाचा, कोण कामचुकार, कुणाला वाढ द्यायची हे ठरतं. रजिस्टरमधला आकडा बरोबर असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा चुकतो, आणि त्यात नेमकं चांगल्या माणसाचं नुकसान होतं.

नुसते नग मोजणं

एक साधा हिशोब करून बघा. शिफ्ट ४८० मिनिटांची. जेवण ३० मिनिटं, दोन चहा १०-१० मिनिटांचे, सुरुवातीला चार्ज घेणं आणि फर्स्ट पीस तपासणं यात १० मिनिटं. हातात उरतात ४२०. जॉबचा, म्हणजे मशीनवर घडवायच्या भागाचा, कटिंगचा वेळ ९५ सेकंद, लोडिंग-अनलोडिंग २५ सेकंद, म्हणजे एका नगाला २ मिनिटं. कागदावर २१० नग.

आता एकाच पाळीतले दोन ऑपरेटर घ्या. पहिल्याने १६० नग काढले, दुसऱ्याने १८०. रजिस्टर सांगतं की दुसरा बरा. पण पहिल्याच्या मशीनवर त्या दिवशी ४५ मिनिटं सेटिंग (नवीन जॉबसाठी मशीन तयार करणं) चाललं, २५ मिनिटं मटेरियल नव्हतं, आणि दर ५० नगांना टिपचा (कापणाऱ्या पात्याचा) झिजलेला कॉर्नर बदलायचा म्हणून तीन वेळा ४-४ मिनिटं गेली. ४२० मधून ही ८२ मिनिटं वजा केली की राहतात ३३८, म्हणजे १६९ नगांचा वेळ. त्याने १६० काढले, जवळपास ९५ टक्के. दुसऱ्याचं मशीन दिवसभर अखंड चालू होतं. फक्त टिप बदलायची १२ मिनिटं वजा करा, ४०८ मिनिटांत २०४ नग यायला हवे होते. आले १८०, म्हणजे ८८ टक्के.

पगारवाढीच्या वेळी पहिल्याला बोलणी बसतात. असं दोन-तीनदा झालं की तो शेजारच्या शॉपमध्ये जातो. मग आपण म्हणतो, हल्ली ऑपरेटर टिकत नाहीत.

उपाय सोपा आहे: नगाशेजारी मिनिटं लिहा. ५ मिनिटांपेक्षा जास्त मशीन थांबलं की वेळ आणि कारण. कारणांची यादी आठच्या पुढे नेऊ नका: मटेरियल नाही, सेटिंग, टूल-टिप, मशीन बिघाड, लाइट, इन्स्पेक्शनची वाट, ऑपरेटर जागेवर नाही, इतर. तीस कारणांची यादी केली की माणूस वरची पहिलीच दोन लिहून मोकळा होतो. आणि ‘इतर’मध्ये महिन्याच्या थांब्यांपैकी १० टक्क्यांहून जास्त मिनिटं गेली, तर यादीत एखादं खरं कारण राहून गेलंय हे ओळखा.

मशीनच्या काउंटरवरही डोळे झाकून विसंबू नका. प्रोग्रॅमच्या शेवटी एम३० (प्रोग्रॅम संपल्याचा कोड) आला की काउंटर एकाने वाढतो, मग चकात (जॉब धरणाऱ्या पकडीत) जॉब असो नसो. ड्राय रन मोजला जातो, परत चालवलेला जॉबही मोजला जातो. २५-२५ नगांची क्रेट मोजून काउंटरशी ताळा घालायची सवय लावा. फरक ३-४ नगांचा असेल तर ठीक. १५चा असेल तर ते नग कुठे गेले हे त्याच दिवशी शोधा, कारण दुसऱ्या दिवशी स्क्रॅपची पाटी रिकामी झालेली असते.

रिपोर्ट शिफ्ट संपल्यावर भरणं

तीन वाजत आलेत, बस पकडायची आहे, आणि आठ तासांचा हिशोब आठवून लिहायचा आहे. अशा वेळी ‘मशीन बंद – ३० मिनिटं’ यापलीकडे काही येत नाही. सगळे थांबे अर्ध्या तासाचे आणि सगळे गोल आकडे दिसले की तो रिपोर्ट आठवून भरलेला आहे.

मशीनजवळ एक फळा लावा आणि दर तासाला लिहा. रकाने पाचच: वेळ, ठरलेले, झालेले, रिजेक्ट, कारण. ठरलेला आकडा सगळ्या तासांना सारखा टाकू नका, ही चूक सर्रास दिसते. वरच्याच जॉबसाठी ७ ते ३ ची पाळी असेल तर पहिल्या तासाला २५, मग ३०, चहाच्या तासाला २५, मग ३०, जेवणाच्या तासाला १५, मग ३०, परत चहाचा २५, शेवटी ३०. बेरीज २१०. सरसकट २६ लिहिलं तर जेवणाच्या तासाला माणूस उगाच मागे दिसतो, आणि आठवड्याभरात फळ्याकडे कुणी बघत नाही.

फळ्यावर ऑपरेटरने स्वतः लिहायचं. सुपरवायझरने फिरताना खाली सही करायची आणि कारणाच्या रकान्यात जे आहे त्यावर त्याच तासात काहीतरी करायचं. ‘क्रेट नाही’ असं सकाळी नऊला लिहिलंय आणि अकरालाही तेच लिहिलंय, याचा अर्थ फळा वाचायला कुणी नाही. लोक आठवडाभर वाट बघतात, मग लिहायचं सोडतात. त्यांचं काही चुकत नाही.

विचारायच्या पद्धतीनेही खूप फरक पडतो. “का रे, कमी का झाले?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “साहेब, मशीन स्लो चाललंय.” “दहाच्या तासाला कुठं अडलं?” असं विचारा. उत्तर येतं: “स्टोअरला कुलूप होतं, वीस मिनिटं टिपसाठी उभा होतो.” पहिल्या उत्तरावर काही करता येत नाही. दुसऱ्यावर येतं: चार टिपांची डबी मशीनशेजारी ठेवा आणि संध्याकाळी स्टोअरशी जुळवा.

नगावर इन्सेंटिव्ह लावणं

उतावळेपणाची ही चूक जरा सविस्तर सांगायला हवी. नवीन मालक किंवा नवीन मॅनेजर आला की पहिल्याच महिन्यात हे करतो.

एका सहा मशीनच्या टर्निंग शॉपमध्ये घडलेली गोष्ट. जॉब म्हणजे एक बुश (आरपार भोक असलेला गोल भाग), बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. सायकल वरच्यासारखीच, नगाला २ मिनिटं. मॅनेजमेंटने जाहीर केलं: २०० नगांच्या वर प्रत्येक नगाला २ रुपये. पंधरा दिवसांत आकडा १७५ वरून २२५ वर गेला. सगळे खूश झाले.

खरं तर त्याच दिवशी प्रश्न पडायला हवा होता. ४२० मिनिटांतून चार वेळा कॉर्नर बदलायची १६ मिनिटं वजा केली की ४०४ राहतात, म्हणजे जास्तीत जास्त २०२ नग. २२५ आले कुठून?

फीड ओव्हरराइडची, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग कमी-जास्त करायची, नॉब १२० टक्क्यांवर गेली होती. ५० नगांना बदलायचा कॉर्नर ८०-९० नगांपर्यंत ओढला जात होता. दर पाचव्या नगाला लावायचा प्लग गेज (भोक तपासायचं माप) पहिल्या आणि शेवटच्या नगालाच लागत होता. बोअरिंगची टिप झिजली की बोअर लहान येऊ लागतो, गेजची ‘गो’ बाजू आत जात नाही. ते उशिरा लक्षात आलं की एकदम २० मायक्रॉनचा (०.०२० मिलिमीटरचा) ऑफसेट, म्हणजे टूलची जागा सरकवणारी दुरुस्ती, टाकायचा, मग पुढचे नग मोठे. असा लहान-मोठा मिसळलेला १४०० नगांचा लॉट कस्टमरकडे गेला आणि असेंब्लीत पिन बसेना. दोन माणसं दोन दिवस तिकडे बसून एकेक नग तपासत होती. लहान बोअरचे काही नग परत चकात धरून सुधारले, तर त्यांचा बाहेरच्या व्यासाशी सेंटर हलला. मोठ्या बोअरचे थेट भंगारात. वर कस्टमरला लाइन थांबू नये म्हणून नवीन नग स्वतंत्र टेम्पोने पाठवावे लागले.

या काळातले इन्स्पेक्शन शीट बघण्यासारखे आहेत. दर तासाला बोअर डायलचं रीडिंग लिहायचं, पाळीत आठ. आठही रकान्यांत २५.०१०. एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, खाली सही. खरं मोजलेलं शीट असं दिसत नाही. ते २५.०१६, २५.०१४, २५.०११, २५.००९ असं घसरत जातं, मग कॉर्नर बदलला की परत २५.०१५ वर उडी मारतं. टिपची झीज कागदावर दिसायला हवी. सपाट ओळ दिसली की तिथल्या तिथे तीन नग उचला आणि स्वतः मोजा.

ऑपरेटरला दोष देऊन हे सुटत नाही. नगाला पैसे लावले, त्याने नग दिले. इन्सेंटिव्ह द्यायचाच असेल तर मी तीन गोष्टी सांगतो. एक, तो पूर्ण पाळीच्या गटाला द्या, सेटर (मशीनवर नवीन जॉब बसवणारा), हेल्पर आणि लाइन इन्स्पेक्टर धरून. मग कॉर्नर ओढणाऱ्याला शेजारचाच टोकतो. दोन, पुढच्या ऑपरेशनने ओके म्हणून घेतलेलेच नग मोजा, आणि तेही आठवड्याने. तीन, टिपांचा हिशोब जोडा. जुनी टिप जमा केल्याशिवाय नवीन नाही. ५० नगांना एक कॉर्नर, २०० नगांना चार, सीसीएमटी प्रकारच्या एका टिपला दोन कॉर्नर, म्हणजे पाळीला दोन टिपा संपायलाच हव्यात. एकच संपली आणि नग २०० झाले, तर आनंद मानू नका, बोअर तपासा.

रिजेक्शन लिहिलं की ओरडा

रिजेक्शनचे पैसे पगारातून कापणारी शॉप अजून आहेत. तिथे रिजेक्शन कमी होत नाही, दिसायचं बंद होतं. जॉब भंगाराच्या तळाशी जातो किंवा चांगल्या नगांत मिसळतो, आणि हे दुसरं फार वाईट. लाल पाटी मशीनजवळ ठेवा, तिला कुलूप नको. ज्याने स्वतः मशीन थांबवून “साहेब, बोअर चुकला” असं सांगितलं, त्याला त्या क्षणी तुम्ही काय बोलता ते पूर्ण शॉप ऐकत असतं.

पहिल्या दिवसापासून ओईई

ओईई म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता. जपानच्या सेइची नाकाजिमा यांनी टीपीएमबरोबर (सगळ्यांनी मिळून मशीनची देखभाल करायची पद्धत) रुजवलेलं हे माप उत्तम आहे: उपलब्धता गुणिले वेग गुणिले गुणवत्ता. ९० टक्के, ९० टक्के आणि ९९ टक्के यांचा गुणाकार ८० टक्के. पण ज्या शॉपमध्ये थांब्याची मिनिटं नीट लिहिली जात नाहीत तिथे हा गुणाकार करून काय हाती लागणार? वेगाचा आकडा १०० च्या वर दिसला तर ऑपरेटरचं कौतुक करण्याआधी स्टॉपवॉच घेऊन दहा नगांची सायकल मोजा. बहुधा कोटेशनच्या वेळचा ढिला सायकल टाइम तसाच फाइलमध्ये पडलेला असतो. फळ्यावर टक्के लिहू नका, मिनिटं लिहा. ‘सेटिंगमध्ये ७० मिनिटं गेली’ हे हेल्परलाही कळतं.

तूट ओव्हरटाइमने भरणं

१९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टपासून ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. तासाला ९० रुपये पडत असतील तर १८०. तासाला ३० नगांच्या हिशोबाने नगामागची मजुरी ३ वरून ६ रुपये होते. त्याच दिवशी सकाळी मटेरियलवाचून ४० मिनिटं गेलेली असतात. ओव्हरटाइमच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी त्या दिवसाच्या थांब्यांची यादी समोर मागा. ही एक सवय फार पैसे वाचवते.

आणखी काही, थोडक्यात:

बायोमेट्रिकची हजेरी म्हणजे काम नव्हे, ती फक्त गेटमधून आत आल्याची नोंद आहे.

सेटरचे नग मोजू नका. शेवटचा चांगला जुना नग ते पहिला ओके नवीन नग, एवढी मिनिटं मोजा.

नावांसकट पहिला-शेवटचा नंबर भिंतीवर लावू नका. जुनं मशीन ज्याच्या वाट्याला येतं तोच दर महिन्याला शेवटी असतो.

टार्गेट महिन्याच्या मधे बदलू नका. बदलायचंच तर सायकल आधी सर्वांसमोर मोजा.

रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर “रिपोर्ट कुठेय?” टाकू नका. रात्रपाळीचा माणूस मशीन सोडून फोटो काढत बसतो.

पाळी बदलताना चार्ज न घेणं

दुसरी पाळी पहिलीच्या नावाने ओरडते, तिसरी दुसरीच्या. कारण एकच: कुणी काय अवस्थेत मशीन दिलं याची नोंद नाही. जाणाऱ्याने शेवटचा जॉब मशीनवर ठेवावा, येणाऱ्याने तो त्याच्यासमोर मोजावा, आणि रीडिंग, चालू ऑफसेट, कॉर्नरवर झालेले नग या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. पाच मिनिटं लागतात. त्यासाठी दोन्ही पाळ्यांची वेळ दहा मिनिटं एकमेकांवर चढलेली हवी आणि त्या दहा मिनिटांचे पैसे द्यायला हवेत. फुकटात कुणी थांबणार नाही आणि थांबूही नये.

कागद जमण्याआधी सॉफ्टवेअर

टॅब आणि मशीन मॉनिटरिंग चांगलंच आहे. पण सेन्सरला मशीन थांबलं एवढंच कळतं, का थांबलं ते माणसालाच दाबावं लागतं. ज्या शॉपमध्ये खडूने कारण लिहिलं जात नाही तिथे टॅबवरही पहिलंच बटण दाबलं जातं. तीन महिने फळा चालवा. रोज सकाळी साडेआठला सेटर, स्टोअर आणि क्वालिटीचा माणूस फळ्यासमोर दहा मिनिटं उभा राहू द्या. कालचे सगळ्यात मोठे दोन थांबे घ्या, प्रत्येकासमोर एक नाव आणि तारीख लिहा. तीन महिन्यांनी कारणांची यादी आपोआप घासून नीट झालेली असते. सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात तीच यादी द्या, आणि त्याने त्याची चाळीस कारणांची तयार यादी दाखवली तर घेऊ नका.