सोलापुरात घरची वीज आणि गाडीचे इंधन कसे निवडावे

वीज आणि वाहन यांचे निर्णय आपण सहसा वेगवेगळ्या वेळी घेतो. सोलापूरसारख्या भरपूर उन्हाच्या शहरात मात्र हे दोन्ही हिशेब एकाच कागदावर मांडावेत. त्यासाठी महावितरणच्या बिलांवरून वर्षभराचा युनिटांचा वापर आणि गाडीचे रोजचे किलोमीटर एवढे दोनच आकडे लागतात.

आधी वीज पाहू. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो : पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी, १०१ ते ३०० युनिटांना बराच जास्त आणि त्यापुढे आणखी जास्त. नेट मीटरिंगच्या (म्हणजे जादा सौर वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा होण्याची सोय असलेल्या) सौर संचामुळे प्रथम वरच्या, महागड्या टप्प्यातली युनिटे कमी होतात. म्हणून ज्यांचा वापर महिन्याला शंभरच्या आत आहे, त्यांनी केवळ बिल वाचवण्यासाठी संच बसवण्याची घाई करू नये. वापर अडीचशेच्या आसपास असेल, तर दोन किलोवॅट पुरतात, कारण एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी ४ युनिटे मिळतात आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित छत लागते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे.

छताची पाहणी विक्रेत्यावर सोडू नये. पॅनेल दक्षिणाभिमुख असावेत. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या मजल्याची सावली सकाळी व दुपारी कुठवर येते, ते स्वतः गच्चीवर उभे राहून पाहावे, कारण एका पॅनेलवरची सावली बहुधा साखळीतल्या इतरांचीही वीज घटवते. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पॅनेल ६० अंशांच्याही वर तापते आणि प्रत्येक वाढीव अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. त्यामुळे खालून वारा खेळेल अशा उंचीवर सांगाडा घ्यावा. धुळीसाठी ओले फडके पहाटे फिरवावे; बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि नळाचे पाणी तर आपल्याकडे रोज येत नाही.

सौर संच असला की वीज गेल्यावरही घरातले दिवे चालू राहतात, असा अनेकांचा गैरसमज असतो. प्रत्यक्षात बॅटरीविना ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेला संच वीज गेल्यावर आपोआप बंद पडतो, कारण तसे न झाल्यास तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका असतो. भारनियमनावर उपाय हवा असेल, तर बॅटरीचा खर्च वेगळा धरावा.

आता वाहन. रोज ३० किलोमीटर चालणारी पेट्रोल स्कूटर सुमारे पाऊण लिटरला थोडे कमी, म्हणजे ६५ ते ७० रुपयांचे इंधन घेते. तेवढ्याच अंतराला विजेच्या स्कूटरला चार्जिंगमधली घट धरून साधारण १.१ युनिट लागते. ही वीज शेवटी फताटेवाडीच्या १,३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळशावरच तयार होते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर विजेच्या स्कूटरचा रोजचा आकडा पावणेआठशे ग्रॅमच्या आसपास येतो आणि पेट्रोलचा दीड किलोच्या घरात जातो. चार्जिंगसाठी चांगल्या अर्थिंगचा स्वतंत्र प्लग घ्यावा आणि उन्हातून आलेली गाडी बॅटरी निवल्यावरच लावावी.

मोटारीच्या बाबतीत उत्तर इतके सरळ नाही. रोजचे अंतर मोठे असून घरी चार्जिंगची सोय नसेल, तर सीएनजी परवडतो. मात्र डिकीतली जागा जाते आणि टाकीची तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. जिल्ह्यातील साखर कारखान्यांमुळे इथेनॉलबद्दल आपल्याला आपुलकी असली, तरी त्यात लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) इंधनावर मायलेज थोडे उतरते. एकट्याने पुण्याला जायचे असेल, तर रेल्वेला पर्याय शोधूच नये.

विजेची स्कूटर वर्षभरात घ्यायची असेल, तर तिची महिन्याची ३३ युनिटे सौर संचाची क्षमता ठरवतानाच वापरात मिळवावीत. संच नसेल, तर ती बिलाच्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजावीत.