लाळ्या-खुरकूत: आधी लस, मग सोडा

ऊसतोडीच्या बैलगाड्या कारखान्याच्या वाटेला लागल्या की एकाच पाणवठ्यावर दहा गावची जनावरं येतात. लाळ्या-खुरकूत या विषाणूजन्य रोगाची लस त्याच्या महिनाभर आधी टोचलेली हवी, कारण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. शेजारच्या गोठ्यात लाळ गळायला लागल्यावर टोचलेली लस बहुधा उशिराचीच, आणि मग बोल लागतो लसीला.

वासराला पहिली लस चौथ्या महिन्यात, महिन्याने दुसरी, म्हणजे बूस्टर, पुढे दर सहा महिन्यांनी. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच हवी. बर्फाला चिकटून गोठलेली बाटली फेकूनच द्या, कारण तिचा उपयोग संपला. टोचल्यावर दोन-चार दिवस दूध थोडं घटतं. तेवढ्यासाठी दुभत्या गाई वगळल्या तर गोठ्याचं दारच उघडं राहतं. विकत आणलेलं जनावर २१ दिवस वेगळ्या जागी बांधा. त्याची बादली वेगळी, दोरही वेगळा.

तरीही एखादी गाय तापली, मचमच आवाज करत लाळ गाळू लागली, लंगडली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कायद्यानेही ते बंधनकारक आहे. तिला वाऱ्याच्या खालच्या बाजूला हलवा, म्हणजे तिच्याकडचा वारा इतर जनावरांकडे जाणार नाही. धारा आधी निरोगी गाईंच्या, आजारी गाईची सगळ्यात शेवटी. तोंडात, खुरांत फोड दिसण्याआधीच विषाणू दुधात उतरलेला असतो, त्यामुळे धार काढणाऱ्याच्या हातांवरूनही रोग फिरतो.

गोठ्यासाठी धुण्याचा सोडा घ्या: १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. खायचा सोडा नव्हे. नावाच्या सारखेपणामुळे ही चूक हमखास होते. आधी शेण खरवडून जमीन धुवा, मग द्रावण ओता, नाहीतर ते शेणातच जिरतं. दाराशी त्यात भिजवलेलं पोतं ठेवा, रोज नव्याने भिजवा. ॲल्युमिनियमच्या किटल्या त्यात बुडवू नका, धातू खाल्ला जातो.

आजारी गाईचं तोंड लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुऊन बोरोग्लिसरीन (तोंडातल्या फोडांवर लावायचं औषध) लावा. खूर धुऊन कोरडे करा आणि माश्या बसू देऊ नका, खुरात अळ्या पडल्या की काम वाढतं. खायला मऊ हिरवा चारा, आंबोण. कडबा जिभेला टोचतो. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही. जखम चिघळली तर ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

वासराला आजारी आईला पिऊ देऊ नका. हा विषाणू वासराच्या हृदयाच्या स्नायूवर बसतो आणि तोंडात एकही फोड न येता ते अचानक मरतं. दूध उकळून, कोमट करून बाटलीने पाजा.

बरी झालेली गाय पुढे कित्येक महिने उन्हात धापू शकते, अंगावर राठ केस वाढतात. बाजारात सावलीत उभी असूनही धापणारी गाय स्वस्तात मिळत असेल, तर आधी तिचे खूर उचलून जुन्या रोगाच्या खुणा बघा.