महिला कलादालनात छोटी कामं मांडताय? या चुका टाळा

पुण्यात बायकांच्या कलाप्रदर्शनांना तोटा नाही. घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन असो, बालगंधर्वचं कलादालन असो, नाहीतर कोथरूडला कुणीतरी बंगल्याच्या तळमजल्यावर हौसेने उघडलेलं फक्त महिलांचं दालन असो, तिथे मांडलेलं बरंचसं काम तळहाताएवढं ते वहीच्या पानाएवढं असतं. पोस्टकार्डाच्या आकाराची जलरंगातली चित्रं, भरतकामाच्या रिंगा, क्रोशाच्या बाहुल्या, क्विलिंग, टेराकोटाचे दागिने, रेझिन. काम अनेकदा उत्तम असतं. घोळ होतो मांडताना, आणि त्यामागे बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: ‘एवढंसं तर आहे, चालतंय.’ तीन फुटी कॅनव्हास ढिसाळ मांडणी पचवतो, चार इंचांचं चित्र पचवत नाही.

चित्र फ्रेमच्या सावलीत जातं

सध्या खोल बॉक्स फ्रेमची चलती आहे. त्यात छोटं चित्र छान दिसतं, पण फ्रेमवाल्याच्या दुकानात. दालनात छतावरच्या स्पॉटलाइटचा झोत भिंतीशी साधारण ३० अंशांचा कोन करून पडतो. या कोनात २ सेंटिमीटर खोल फ्रेमची वरची कड आत जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर लांब सावली टाकते. मोठ्या चित्रात ती कुणाच्या लक्षातही येत नाही. पण माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची कोरी चौकट) न लावलेलं आठ सेंटिमीटरचं व्यक्तिचित्र असेल, तर कपाळापासून नाकापर्यंतचा चेहरा अंधारात गेला म्हणून समजा.

दिवा भिंतीपासून थोडा लांब सरकवून कोन ४५ अंशांवर आणला की सावली दोन सेंटिमीटरवर येते. मग दुसरी भानगड सुरू होते. छोटं चित्र बघायला माणूस पुढे वाकतो आणि स्वतःच्याच डोक्याने उजेड अडवतो. यावर उपाय म्हणजे समोरून एक प्रखर झोत न टाकता डावी-उजवीकडून दोन मंद दिवे लावायचे. भाड्याच्या दालनात दिव्यांना हात लावू देत नसतील तर फ्रेमच उथळ निवडा. काच आणि चित्र यांच्यात माउंटच्या जाडीएवढी, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर फट पुरते. चित्राभोवती माउंट दीड-दोन इंच रुंद ठेवलं की उरलीसुरली सावली त्या कोऱ्या पट्टीवर पडते, चित्र मोकळं राहतं.

काचेत समोरची ट्यूबलाइट दिसत असेल तर फ्रेमच्या मागे, वरच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा. फ्रेम किंचित पुढे झुकते आणि प्रतिबिंब जमिनीकडे जातं. मॅट काचेचा मोह मात्र आवरा. ती चित्राला टेकलेली असेल तरच नीट दिसतं. मध्ये फट आली की बारीक रेषा धुरकट होतात, आणि छोट्या चित्रात बघण्यासारखं असतं ते बारीक रेषांमध्येच. काच चित्राला टेकवणंही बरं नाही, कारण दमट हवेत रंग काचेला चिकटतो. म्हणून साधी काचच बरी.

प्रदर्शन चार दिवसांचं असेल तर उजेडाने फारसं बिघडत नाही. पण दालनात वर्षभर लटकणार असेल तर संग्रहालयांचा हिशेब पाळा: कागदावरच्या जलरंगांना आणि रेशमाच्या भरतकामाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत तर नकोच.

टांगणी

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, असं सगळीकडे वाचायला मिळतं. आपल्या दालनांत येणाऱ्या बहुसंख्य बायकांची उंची पाहता छोट्या कामांना १४० चांगलं. आणि भिंतीखाली टेबल, सोफा, हार-तुऱ्यांची परडी काहीही ठेवू नका. हातभर अंतरावरून बघायच्या चित्रापासून तुम्ही माणसाला तीन फूट लांब उभं करता.

मोठ्या भिंतीवर दोन-दोन फुटांवर एकेक चिमुकलं चित्र लावलं तर भिंतीवर पाली बसल्यासारख्या दिसतात. सहा-आठ चित्रांचा गट करा, मध्ये दोन-तीन इंच सोडा, आणि गटाभोवती भरपूर मोकळी भिंत ठेवा.

फ्रेम सारखी तिरकी होते? एका खिळ्यावर तंगूस अडकवला की हलक्या फ्रेमला स्थिर ठेवायला वजनच नसतं, शेजारून पदर गेला तरी ती फिरते. दोन खिळे ठोका आणि खालच्या कोपऱ्यांना मागून रबराचे ठिपके लावा. फ्रेम फारच पुढे झुकत असेल तर मागच्या कड्या खाली लागल्यात, त्या वरून एक तृतीयांशावर घ्या. फोमच्या दुहेरी टेपवर विसंबून राहू नका. जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप घट्ट बसते, पण भिंतीचा रंगच सुटून येतो, आणि तोही बरोबर उद्घाटनाच्या वेळी.

कागद वाकतो, पिवळा पडतो, बुरशी धरतो

पुण्याची कोरडी हवा आपल्याला बेसावध करते. मार्चमध्ये माउंट केलेलं चित्र जुलैत लाटांसारखं का उठलं, असा प्रश्न हमखास येतो. कागद दमटपणात फुगतो. चारही बाजूंनी टेपने जखडला असेल तर फुगायला जागाच नाही, म्हणून तो मधून उठतो. चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवा, बाकी मोकळं सोडा.

अडकवायचं कशाने, तर पातळ जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने. खळ पाण्याने सुटते, उद्या फ्रेम बदलायची झाली तर चित्र शाबूत निघतं. पुस्तकं बांधणारी बाइंडर मंडळी कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ती चित्राजवळ आणू नका, कागद खराब होतो. सेलोटेप तर काही वर्षांत तपकिरी होते आणि तो डाग कागदाच्या आरपार पुढे येतो. कापलेल्या माउंटच्या कडेशी पिवळी रेघ दिसू लागली असेल तर माउंट आम्लयुक्त आहे, बदला. दुकानात ‘ॲसिड-फ्री’ असं स्पष्ट विचारून घ्या. नुसतं ‘इम्पोर्टेड’ म्हणाल तर काहीही हातात पडेल.

हवेतला दमटपणा सतत ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला रान मोकळं. बाहेरच्या बाजूने पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर कागदाचं काम लावू नका. लावावंच लागलं तर मागे बुचं लावून हवा खेळती ठेवा. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसायची घाई नको, ती पसरते. आधी चित्र कोरड्या, हवेशीर जागी वेगळं ठेवा, पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशने झटका.

रेझिन आणि ॲक्रिलिकचा चिकटपणा

रेझिन चिकट राहिलं तर दोष सहसा हवामानाला देतात. बहुतेक वेळा रेझिन आणि त्यात मिसळायचं हार्डनर यांचं प्रमाण चुकलेलं असतं. काही ब्रँडचं प्रमाण वजनावर असतं, काहींचं मापावर, आणि घाईत ते लेबल कुणी वाचत नाही. पृष्ठभागावर धुरकट, तेलकट साय आली असेल तर मात्र तो पावसाळी दमटपणा. कोमट साबणपाण्याने ती बऱ्याचदा निघते.

ॲक्रिलिकचं गणित वेगळं. हा रंग वाळला तरी उन्हात थोडा मऊ पडतो. बबल रॅपमध्ये गुंडाळून एप्रिलच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या चित्रावर फुग्यांचे गोल उमटतात आणि ते जात नाहीत. आधी ग्लासीन कागद (गुळगुळीत, रंगाला न चिकटणारा पातळ कागद), मग बबल रॅप, त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला.

लोक हात लावतात

लावणारच. क्रोशा, गोधडीकाम, टेराकोटा बघून हात आपोआप पुढे जातो. भिंतभर ‘हात लावू नये’च्या पाट्या लावल्या की दालनाचं सरकारी कार्यालय होतं. त्यापेक्षा प्रत्येक प्रकाराचा एक नमुना हाताळायलाच ठेवा, बाकीचं सुरक्षित राहतं. कानातली आणि फ्रिज मॅग्नेट मात्र दाराजवळ नकोत, ती पर्समध्ये सहज मावतात.

फलकावर काय लिहायचं

चार इंचांच्या चित्राखाली सहा इंचांचा फलक आणि त्यावर अर्धं पान आत्मकथन, हे टाळा. नाव, माध्यम, आकार, वर्ष, किंमत एवढं पुरे. ‘मिक्स मीडिया’ हे उत्तर नाही, काय काय मिसळलंय ते लिहा. प्रिंट असेल तर प्रिंट म्हणा.

लोककलेच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. शहरात बसून काढलेल्या चित्राखाली ‘वारली शैलीत’ असं लिहिणं योग्य. वारली चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी भित्तिचित्र, मुळात लग्नघरात सुवासिनी काढत आल्या, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. १९७० च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली आणि जगभर नाव कमावलं, तेही रास्तच. पण महिलांच्या दालनात वारली टांगताना त्या सुवासिनींचा उल्लेख फलकावर नसेल, तर दालन महिलांचं असण्याला काय अर्थ?

किंमत

इथे माझं मत ठाम आहे: ‘हौस म्हणून करते’ हे वाक्य दालनात उच्चारू नका. ते ऐकलं की समोरची व्यक्ती निम्म्या किमतीत मागते.

चौरस इंचाचा दर छोट्या कामाला लागू होत नाही. तास मोजा. समजा साहित्य ८० रुपये, फ्रेम ४५०, आणि सहा तासांचे तासाला १५० प्रमाणे ९००, एकूण १,४३०. दालनाचं कमिशन ३० टक्के. बऱ्याच जणी १,४३० वर ३० टक्के चढवून १,८५९ लावतात. पण कमिशन कापलं जातं विक्रीच्या किमतीवर, त्यामुळे हातात येतात १,३०१. एकशे एकोणतीस रुपये खिशातून गेले, म्हणजे जवळपास तासाभराची मजुरी. बरोबर हिशेब १,४३० भागिले ०.७, म्हणजे २,०४३.

आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच चित्र बाराशेला देऊ नका. दालनातून ते दोन हजारांना विकत घेणारी बाई तुमच्या नणंदेची मैत्रीण निघते, पुणं तेवढं लहान आहे. सवलत द्यायचीच असेल तर तीन चित्रं एकत्र घेणाऱ्याला द्या, आणि ती फलकावर छापून द्या.

विकल्या गेलेल्या कामावर लाल ठिपका लावा, पण प्रदर्शन संपेपर्यंत ते भिंतीवरून काढू देऊ नका. ‘आत्ताच द्या, परगावी निघालोय’ म्हणणाऱ्यांसाठी एक-दोन जास्तीची कामं आत कपाटात ठेवा. पूर्ण पैसे आधी घ्या, पावतीवर चित्राचा क्रमांक लिहा. चित्राच्या मागे तुमचं नाव, वर्ष आणि माध्यम पेन्सिलीने लिहिलंय ना, ते गुंडाळण्यापूर्वी बघून घ्या.