लोखंड कापायच्या आधी: घरच्या शेडमधला रॉक क्रॉलर

रॉक क्रॉलर म्हणजे खडकांवरून सावकाश चढण्यासाठी घरी बदलून बांधलेली फोर-व्हील गाडी. दिवाळीनंतर काम काढायचं आणि मिरगाच्या आत गाडी चाकांवर उभी करायची, हा आमच्या बेळगावकडचा हिशेब. खानापूर-जांबोटीच्या अंगाला पाऊस लागला की पत्र्याच्या शेडमध्येही वेल्डिंगचे रॉड दमट होतात. त्यांचं वेल्ड वरून चांगलं दिसतं, पण आत भोकं राहतात. म्हणून रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि घरच्या सिंगल फेजवर चालणारं 200 अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन घेतलंत तर अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्या.

इंजिनचा विचार सगळ्यात शेवटी. आधी टायर ठरवा, कारण टायरच्या उंचीवरून डिफ (एक्सलच्या मधला, चाकांना फिरवणारा गिअरचा गोळा), पाटे, मडगार्डची कापणी सगळं ठरतं. खडकावर वेग नको, सावकाशी हवी. पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो आणि डिफ या तिघांची गुणोत्तरं एकमेकांनी गुणा. समजा 4, 2.3 आणि 4 असली तर 36.8 येतात, म्हणजे इंजिनच्या जवळजवळ सदतीस फेऱ्यांना चाकाची एक. मोठं टायर यातलं बरंच खाऊन टाकतं. माझ्या मते हा गुणाकार 50 च्या खाली राहिला तर चढावर क्लच जळतच राहणार.

मूळ गाडी म्हणून मी आजही मारुतीची जिप्सीच घेईन. दोन्हीकडे सलग एक्सल, कमानपाटे, लो गिअर, 1298 सीसीचं इंजिन, 2375 मिलिमीटर व्हीलबेस आणि वजन कमी. मात्र गोव्याकडून आलेली गाडी असेल तर पाटे जिथे टांगलेले असतात त्या हँगरजवळ चासीवर हातोडी मारून ऐका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर खारट हवेनं लोखंड आतून खाल्लंय, सौदा सोडा.

आता मापं. यात मी स्वतः चुकलो आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिल्या वेळी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) असतानाच एक्सलवरचे पॅड, म्हणजे पाटे ज्यांवर बसतात त्या पट्ट्या, मी पक्के वेल्ड केले. वजन खाली आलं तेव्हा डिफचं तोंड भलत्या कोनात गेलं, प्रोपेलर शाफ्ट थरथरू लागला आणि तिसऱ्या फेरीतच शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटला. तेव्हापासून सपाट कोब्यावर चासीच्या चारही कोपऱ्यांतून ओळंबा सोडतो, टोकाखाली खडूची फुली मारतो आणि दोन्ही तिरप्या अंतरांना दोरी लावतो. ती सारखी भरली तरच पुढे. पॅडना नुसते टाके घालायचे, इंजिन-गिअरबॉक्स बसवून गाडी चाकांवर उतरवायची, कोन बघायचा, मगच पक्कं करायचं. तेही एकदम नाही: दोन इंच या बाजूला, दोन इंच त्या बाजूला, नाहीतर एक्सलची नळी वाकते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडायच्या, पेट्रोलची टाकी काढून शेडबाहेर ठेवायची.

गाडी उलटली तर माणसाला वाचवणाऱ्या पिंजऱ्याला पाण्याचा पाईप कधीही वापरू नका. सीमलेस पाईप, साधारण पावणेदोन इंची, 3 मिलिमीटर जाडीचा. वाकवायचा तो बेंडिंग मशीनवर. बुश, पिना, स्पेसर यांसाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर जा, पण हातात पुठ्ठ्याचा साचा आणि मापाचा कागद घेऊन, तोंडी सांगून नको. विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढणारं यंत्र) गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ओढणारी हवी. अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा बसवा.

कागदपत्रंही यादीत धरा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचना बदलायला मनाई करतं आणि सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. म्हणून ही गाडी रस्त्यावर चालवायचीच नाही, ट्रेलरवरून न्यायची. जागा ओळखीच्या माणसाच्या मालकीची, त्याला विचारून. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत आणि म्हादईच्या ओढ्यांत चाक घालायचं नाही. ते पाणी तिथल्या गावांचं आणि जनावरांचं आहे.

रंग देण्याआधी शेताच्या बांधावर एक चाचणी घ्या. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक दोन-दोन फूट दगडांवर चढवा, इंजिन बंद करा, चाकांना ओट (अडकण) लावा आणि टॉर्च घेऊन वाकून बघा. ब्रेकचा होज ताणला गेलाय का, शाफ्ट त्याच्या सरकत्या सांध्यातून (स्लीपमधून) निसटायला आलाय का, टायर पाट्याला घासतंय का? जिथे घासतंय तिथे खडूची खूण करा, गाडी खाली घ्या आणि उलट्या बाजूनं पुन्हा चढवा.