जुन्या पद्मिनीचे मीटर बदलताना

बेळगाव-खानापूर पट्ट्यात अजूनही जपलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचा इंधनकाटा हलेनासा झाला, तर लगेच नवा मीटर विकत घेऊ नये. या भागातील दीर्घ पावसाळ्यात जोडण्यांवर गंज चढतो आणि दोष बहुधा मीटरमध्ये नसून अर्थिंगमध्ये (तार गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते तिथे) असतो; म्हणून अर्थिंगची जागा प्रथम पॉलिश पेपरने घासून पाहावी.

मीटर खरोखरच निकामी असेल, तर बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी. पॅनेल ओढण्यापूर्वी मागे हात घालून स्पीडोमीटर केबलची चकती फिरवून मोकळी करावी, नाहीतर केबल पिळवटते. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी आणि मोबाईलवर छायाचित्र घ्यावे, कारण जुन्या तारांचे रंग उडालेले असतात व पूर्वीच्या मेकॅनिकने कोणती तार कुठे जोडली असेल, याचा भरवसा नसतो.

जुन्या बाजारातून इंधनाचा मीटर घेताना तो टाकीतल्या सेंडरच्या (इंधनाची पातळी मोजणाऱ्या भागाच्या) विद्युत रोधाशी जुळणारा हवा. न जुळल्यास काटा हलेल, पण खोटे सांगेल. स्पीडोमीटर केबलच्या आतील तारेला ग्रीस खालच्या भागापुरतेच लावावे, वरचे टोक कोरडे ठेवावे, म्हणजे ग्रीस मीटरमध्ये चढणार नाही. बदलताना जुन्या मीटरवरील किलोमीटरची नोंदही लिहून ठेवावी.

जोडणी झाल्यावर निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गावर वेगाचा काटा ताशी ६० किलोमीटरवर स्थिर ठेवून सोबत्याला किलोमीटरचे दगड मोजायला सांगावे: दोन दगडांमध्ये बरोबर ६० सेकंद लागले पाहिजेत.