कार्बन बॉडीत सिग्नल तुटत होता, शेवटी असा सुटला

दीड मीटर पंखांचं, रिमोटवर उडणारं, हातानं फेकायचं एफ३के (अशा ग्लायडरच्या स्पर्धेचा वर्ग) ग्लायडर, जवळ एकदम ओके पण लांब गेलं आणि नाक माझ्याकडे वळलं की क्षणभर सर्व्हो (ग्लायडर वळवणाऱ्या छोट्या मोटर) गप्प. रिसीव्हर बदलला, बॅटरी बदलली, परत बाइंड केलं (रिमोटशी जोडलं), दोन महिने नुसता डोक्याला ताप. रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना कार्बन फायबरच्या बॉडीत होत्या आणि कार्बन रिमोटचा २.४ गिगाहर्ट्झ सिग्नल अडवतो!

आधी अँटेनाच्या टोकाची उघडी तार मोजली, ३१ मिमी, खरी अँटेना तेवढीच, ती अजिबात कापू नका. मग बॉडीला दोन बारीक भोकं पाडून कडा पॉलिश पेपरनं घासल्या, नाहीतर वायर सोलते. दोन्ही उघडी टोकं पूर्ण बाहेर काढून एकमेकींना ९० अंशात टेपनं चिकटवली. शेवटी रिमोटवर रेंज चेक मोड (सिग्नलची ताकद मुद्दाम कमी करून तपासायचा) लावून मित्राला ग्लायडर सगळ्या बाजूंनी फिरवायला सांगितलं, नाक समोर असतानाही सर्व्हो हलत राहिले.